बातमी गाणारा माणूस

१९६४ साली न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रा कंपनीने एका २३ वर्षांच्या तरुणाची पहिली लाँगप्ले तबकडी बाजारात आणली. तिच्या मुखपृष्ठावर तो तरुण वर्तमानपत्र वाचत बसलेला दिसतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकाचे ब्रीदवाक्य अमेरिकेत सर्वांच्या ओळखीचे. छापण्याजोगी प्रत्येक बातमी आम्ही देतो, असा त्याचा आशय. त्यातल्या छापण्याच्या जागी गाण्याची क्रिया बसवून या तबकडीचे शीर्षक तयार झाले होते. बरोबर पाच वर्षांनी, १९६९ साली, त्याच गायकाची सहावी तबकडी निघाली. तिच्या मुखपृष्ठावर एका थडग्याचा दगड होता. दगडावर गायकाचे नाव, १९४० साली एल पासो येथे जन्म आणि १९६८ साली शिकागो येथे मृत्यू, अशी नोंद कोरलेली होती. गायक मात्र तेव्हा हयात होता आणि पुढेही सात वर्षे जगणार होता.

या दोन मुखपृष्ठांमध्ये फिल ओक्स या गायक-गीतकाराची जवळजवळ सारी कारकीर्द सामावलेली आहे. बातमी नीट सांगितली, ती चालीत बांधली आणि पुरेशा लोकांच्या कानावर घातली, की लोक बदलतात, या श्रद्धेने त्याने गायला सुरुवात केली. ही श्रद्धा कशी वाढली, कशी तडकली आणि तिच्या तुकड्यांतून त्याने काय काय घडवले, याचा क्रमवार दस्तऐवज म्हणजे त्याच्या ध्वनिमुद्रिका.

फिलिप डेव्हिड ओक्स याचा जन्म १९ डिसेंबर १९४० रोजी टेक्सास राज्यातील एल पासो येथे झाला. वडील डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात सैन्याबरोबर गेलेले ते गृहस्थ परतले ते मनाने खचूनच. उन्माद आणि विषण्णता यांच्या फेऱ्यात सापडलेल्या वडिलांना अधूनमधून रुग्णालयात राहावे लागे आणि नोकरीच्या शोधात कुटुंबाला गावे बदलावी लागत. घरात अबोला फार. मुलांनी आपले जग चित्रपटगृहात शोधले. फिलच्या मनात जॉन वेन, जेम्स डीन आणि एल्विस प्रेस्ली यांनी जे घर केले ते कायमचेच. लहानपणी तो क्लॅरिनेट उत्तम वाजवीत असे. शालेय शिक्षण मात्र त्याने व्हर्जिनिया राज्यातील स्टॉन्टन येथील लष्करी शाळेत संपवले. पुढे लष्करभरतीला नकार देणारी गाणी रचणारा हा माणूस गणवेशात कवायत करीत मोठा झाला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. देशावरचे त्याचे प्रेम उसने नव्हते. म्हणूनच पुढचा भ्रमनिरासही वरवरचा राहिला नाही.

ओहायो राज्य विद्यापीठात त्याने पत्रकारितेचा अभ्यास सुरू केला. तिथे जिम ग्लोव्हर या मित्राने त्याला वुडी गथ्री, पीट सीगर आणि द वीव्हर्स यांच्या संगीताची व डाव्या विचारांची ओळख करून दिली. १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीवर दोघांनी पैज लावली. ओक्सने जॉन केनेडी यांच्यावर बोली लावली होती. केनेडी निवडून आले आणि ग्लोव्हरची गिटार ओक्सच्या हाती आली. विद्यापीठाच्या ‘लँटर्न’ या वृत्तपत्राचे संपादकपद मिळावे अशी त्याची इच्छा होती. पण त्याची जहाल मते आड आली. पदवीला थोडाच अवधी उरला असताना त्याने विद्यापीठ सोडले आणि १९६२ साली तो न्यूयॉर्कला आला. संपादकाची खुर्ची मिळाली नाही, तेव्हा त्याने गिटारलाच वर्तमानपत्र केले, असे म्हणता येईल.

ग्रीनिच व्हिलेजमधील कॉफीगृहे तेव्हा लोकसंगीताने गजबजलेली होती. त्याच वर्षी सिस कनिंगहॅम आणि गॉर्डन फ्रीसन या दांपत्याने आपल्या घरातून ‘ब्रॉडसाइड’ नावाचे एक चक्रमुद्रित नियतकालिक सुरू केले होते. ताज्या घटनांवरची गाणी स्वरलिपीसह छापणे हा त्याचा एकमेव उद्योग. ओक्सला हवे होते ते व्यासपीठ हेच. सकाळी वर्तमानपत्रे चाळावीत, एखादी बातमी उचलावी आणि रात्रीपर्यंत तिचे गाणे करावे, या झपाट्याने तो लिहू लागला. १९६३ च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात त्याचे नाव झाले आणि इलेक्ट्राचे संस्थापक जॅक होल्झमन यांच्या कंपनीशी त्याचा करार झाला.

पहिल्या तबकडीतील गाण्यांचे विषय पाहिले, तर एखाद्या दैनिकाची अनुक्रमणिका वाचल्यासारखे वाटते. मिसिसिपीत जून १९६३ मध्ये गोळी घालून मारला गेलेला कृष्णवर्णीय नेता मेडगर एव्हर्स. वैध पारपत्राविना क्युबाहून परतला म्हणून शिक्षा झालेला पत्रकार विल्यम वर्दी. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर टोळीयुद्ध थांबवताना जीव गमावलेला समाजसेवक लू मार्श. यंत्रांमुळे काम गेलेला मजूर. आणि बहुसंख्य अमेरिकनांना ज्या देशाचे नाव नकाशावर शोधावे लागले असते तो व्हिएतनाम. या युद्धावर गाणे मुद्रित करणाऱ्या अगदी पहिल्या काही गायकांत ओक्सची गणना होते. याच तबकडीत ‘थ्रेशर’ या पाणबुडीवरचे गाणे आहे. ही अणुपाणबुडी १० एप्रिल १९६३ रोजी अटलांटिक महासागरात चाचणीच्या वेळी १२९ जणांसह बुडाली. ओक्सने ती हकिगत वार्ताहराच्या अंतरावरून, क्रमाने आणि स्पष्टपणे सांगितली. या पाणबुडीकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

ओक्सचा आवाज उंच पट्टीतला, स्वच्छ आणि किंचित थरथरता होता. शब्द न् शब्द ऐकू येई आणि ऐकू यावा असाच त्याचा हट्ट असे. १९६५ च्या ‘आय एन्ट मार्चिंग एनीमोअर’ या दुसऱ्या तबकडीत तर त्याच्या आवाजाला केवळ त्याच्याच गिटारची सोबत आहे. शीर्षकगीतातील सैनिक अमेरिकेच्या प्रत्येक युद्धात लढून आलेला आहे आणि आता त्याने पुढे कूच करण्यास नकार दिला आहे. व्हिएतनामविरोधी मोर्चांमध्ये हे गाणे पाहता पाहता घोषणेसारखे वापरले जाऊ लागले. १९६४ च्या उन्हाळ्यात कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी तरुणांचे जथे मिसिसिपीत उतरले, तेव्हा ओक्सही गाण्यासाठी तिथे गेला होता. त्याच उन्हाळ्यात खून झालेल्या तीन कार्यकर्त्यांचे मृतदेह तिथल्या मातीच्या धरणात सापडले. त्या अनुभवातून संपूर्ण राज्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे एक दीर्घ गाणे जन्मले. त्यात एकेका कडव्यात पोलीस, न्यायाधीश, शाळा आणि चर्च यांची झडती घेतलेली आहे.

जानेवारी १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याचा एकट्याचा कार्यक्रम झाला. त्याच वर्षी निघालेल्या मैफलीच्या तबकडीत त्याने एक नवे लक्ष्य निवडले होते. दक्षिणेतील वर्णद्वेष्ट्यांवर टीका करणे सोपे होते. या वेळी त्याने समोर बसलेल्या आपल्याच श्रोत्यांकडे, म्हणजे प्रगतीच्या गप्पा मारणाऱ्या, पण प्रश्न आपल्या गल्लीपर्यंत आला की मागे सरणाऱ्या उदारमतवाद्यांकडे, बोट दाखवले. श्रोते खळखळून हसले. तबकडीच्या मागच्या बाजूला त्याने माओ झेडाँग यांच्या आठ कविता छापल्या आणि असे लिहिणारा माणूस आपला शत्रू आहे काय, असा प्रश्न वाचकासमोर ठेवला. त्या काळातील अमेरिकेत हे धाडस होते.

लोकप्रियतेने मात्र त्याला हुलकावणी दिली. त्याची एकही तबकडी अमेरिकेतील पहिल्या शंभरांच्या यादीत कधी आली नाही. त्याचे सर्वांत गाजलेले गाणे ‘देअर बट फॉर फॉर्च्युन’ लोकांपर्यंत पोहोचले ते जोन बाएझच्या आवाजात. १९६५ साली ब्रिटनमध्ये ते पहिल्या दहांत गेले. तुरुंगातील कैदी, बेघर, दारुडा आणि बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेला देश यांच्या जागी आपणही असू शकलो असतो, एवढेच ते सांगते. त्यात एकही तारीख नाही आणि एकही नाव नाही. बातम्या गाणाऱ्याचे जे गाणे सर्वदूर गेले, त्यात बातमीच नव्हती.

याच सुमारास बॉब डिलन राजकीय गाण्यांपासून दूर गेला होता. दोघांच्या मैत्रीत स्पर्धाही होती. १९६५ च्या सुमाराची एक हकिगत नेहमी सांगितली जाते. डिलनच्या एका नव्या गाण्याविषयी ओक्सने फारसा उत्साह दाखवला नाही, तेव्हा डिलनने त्याला गाडीतून खाली उतरवले आणि तू गायक नाहीस, पत्रकार आहेस, असे सुनावले. ज्याने ‘गाणारा वार्ताहर’ ही ओळख अभिमानाने मिरवली होती, त्याला हा शब्द अपमान म्हणून ऐकावा लागला. तो घाव किती खोल गेला हे सांगता येत नाही; पण त्यानंतरच्या ध्वनिमुद्रिकांची दिशा निराळी आहे, एवढे खरे.

१९६७ साली इलेक्ट्राशी असलेले नाते संपले. हर्ब अल्पर्ट आणि जेरी मॉस यांच्या ‘ए अँड एम’ कंपनीशी करार करून ओक्स लॉस एंजेलिसला गेला. धाकटा भाऊ मायकेल त्याचे व्यवस्थापन पाहू लागला. ‘प्लेझर्स ऑफ द हार्बर’ या चौथ्या तबकडीत एकट्या गिटारची जागा पियानो, तंतुवाद्यांचा ताफा आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांनी घेतली. केनेडींच्या हत्येवर बेतलेले ‘क्रूसिफिक्शन’ हे दीर्घ गाणे यातलेच. नायकाला डोक्यावर घेऊन त्याचा बळी देणाऱ्या समाजाचे ते रूपक आहे. जुन्या चाहत्यांना हा थाट रुचला नाही आणि समीक्षकांचेही एकमत झाले नाही.

याच तबकडीतील ‘आउटसाइड ऑफ अ स्मॉल सर्कल ऑफ फ्रेंड्स’ हे गाणे त्याच्या स्वतःच्या आवाजात लोकप्रिय होण्याच्या सर्वांत जवळ पोहोचले. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. तो ३८ शेजाऱ्यांनी पाहिला आणि एकानेही पोलिसांना बोलावले नाही, असे वृत्त तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दिले होते. त्या बेपर्वाईवर ओक्सने उडत्या चालीचे, हसत हसत चिमटे काढणारे गाणे केले. पण त्यात गांजाचा उल्लेख होता. आकाशवाणी केंद्रांनी ते वाजवणे बंद केले आणि कंपनीला काटछाट केलेली आवृत्ती काढावी लागली. यातला पुढचा भाग ओक्सला कळलाच नाही. त्या रात्रीचे साक्षीदार इतके नव्हते आणि पोलिसांना कळवण्याचा प्रयत्नही झाला होता, हे पुढच्या संशोधनातून पुढे आले. २०१६ साली खुद्द ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपले मूळ वृत्त सदोष असल्याचे मान्य केले. बातमीवर विसंबून गाणाऱ्याला बातमीचे दोषही वारशाने मिळतात. मात्र ज्या उदासीनतेवर गाण्याचा रोख होता, ती उदासीनता काही त्या एका बातमीतून आलेली नव्हती.

एव्हाना व्हिएतनाममध्ये पाच लाखांच्या आसपास अमेरिकन सैनिक उतरले होते. खऱ्या बातम्या गाऊन युद्ध थांबत नव्हते. तेव्हा ओक्सने एक विलक्षण गोष्ट केली. त्याने खोटी बातमी गायली. कवी ॲलन गिन्सबर्ग यांच्या एका कवितेतून सुचलेली ही कल्पना होती : सरकार युद्ध संपवत नसेल, तर लोकांनीच ते संपल्याचे जाहीर करावे. जून १९६७ मध्ये लॉस एंजेलिस येथे अध्यक्ष जॉन्सन उतरले होते त्या हॉटेलबाहेर ‘द वॉर इज ओव्हर’ हे गाणे त्याने गायले. त्या निदर्शनावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्येही असाच सोहळा झाला आणि हजारो तरुण युद्ध संपल्याच्या आरोळ्या देत रस्त्यांवरून धावले. १९६८ च्या ‘टेप फ्रॉम कॅलिफोर्निया’ या तबकडीत हे गाणे लष्करी वाद्यवृंदाच्या थाटात मुद्रित झाले आहे. विजयाचे संगीत वाजत आहे, फक्त विजय तेवढा झालेला नाही.

त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या. ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन शिकागोत भरले. तिथे जमलेल्या युद्धविरोधी तरुणांमध्ये ओक्स होता. एका डुकराला अध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून उभे करण्याच्या उपहासनाट्यात त्याचा हात होता आणि त्याबद्दल त्याला अटकही झाली. त्यानंतर शिकागोच्या रस्त्यांवर पोलिसांनी निदर्शकांना ज्या रीतीने झोडपून काढले, ते दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने पाहिले. पाहूनही देशातील मोठा वर्ग पोलिसांच्या बाजूने उभा राहिला. ओक्सच्या मूळ श्रद्धेला इथे तडा गेला. लोकांना बातमी ठाऊक नव्हती असे नाही. त्यांना ती ठाऊक होती आणि तरीही त्यांनी दुसरी बाजू निवडली होती.

थडग्याचे मुखपृष्ठ असलेली ‘रिहर्सल्स फॉर रिटायरमेंट’ ही तबकडी यातून आली. पुष्कळ जाणकार तिला त्याची सर्वोत्तम कृती मानतात. तीत पुन्हा एका पाणबुडीचे गाणे आहे. मे १९६८ मध्ये ‘स्कॉर्पियन’ ही अमेरिकन अणुपाणबुडी ९९ जणांसह अटलांटिकमध्ये नाहीशी झाली. ‘थ्रेशर’च्या गाण्यात ओक्स किनाऱ्यावर उभा राहून वृत्तांत देत होता. ‘स्कॉर्पियन’च्या गाण्यात तो स्वतः पाणबुडीच्या आत आहे, बोलतो तो बुडणारा खलाशी, ज्याला आपण ओरडत आहोत की नाही हेही कळेनासे झाले आहे. विषय तोच, समुद्रही तोच. पाच वर्षांच्या अंतराने मुद्रित झालेली ही दोन गाणी लागोपाठ ऐकली, म्हणजे या माणसाचे काय झाले ते समजते. तबकडी फारशी खपली नाही आणि कंपनीने ती लवकरच बाजारातून काढून घेतली.

पुढचा डाव चमत्कारिक होता. आपल्याला ज्यांच्याशी बोलायचे आहे तो कामगार, तो सामान्य अमेरिकन माणूस एल्विसला ऐकतो. तेव्हा अमेरिकेत क्रांती व्हायची असेल, तर एल्विसला चे गव्हेरा व्हावे लागेल, असा सिद्धांत ओक्सने मांडला. एल्विस ते करणार नव्हता, म्हणून ओक्सच एल्विस झाला. एल्विसचा सोनेरी पोशाख शिवणाऱ्या नूडी कोन यांच्याकडूनच त्याने तसाच पोशाख शिवून घेतला. १९७० साली ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या नावाने तबकडी निघाली. हे नावही थट्टाच होती. कारण तीतली सारी गाणी नवी होती. व्हॅन डाइक पार्क्स यांनी निर्मिती केलेल्या या तबकडीतील शेवटच्या गाण्याचे नाव ‘नो मोअर साँग्स’. स्टुडिओत मुद्रित झालेली त्याची ती अखेरची तबकडी ठरली.

२७ मार्च १९७० रोजी तो सोनेरी पोशाख घालून कार्नेगी हॉलच्या रंगमंचावर आला आणि आपल्या गाण्यांबरोबर एल्विस, बडी हॉली आणि मर्ल हॅगर्ड यांची गाणी गाऊ लागला. चार वर्षांपूर्वी याच सभागृहात त्याला डोक्यावर घेणाऱ्या श्रोत्यांनी हुर्यो उडवली. पहिला खेळ बॉम्बच्या धमकीमुळे आवरता घ्यावा लागला. दुसरा खेळ रात्री उशिरापर्यंत लांबला, तेव्हा व्यवस्थापनाने वीज तोडली. आणि या वेळी श्रोतेच वीज परत द्या म्हणून ओरडू लागले. विरोधापासून जल्लोषापर्यंतचा हा प्रवास ध्वनिमुद्रित झाला होता. तरी कंपनीने ती तबकडी अमेरिकेत काढली नाही. काही वर्षांनी ती निघाली, तीही कॅनडात.

गाणी सुचेनाशी झाली, तेव्हा ओक्स जग फिरू लागला. १९७१ मध्ये तो सॅल्व्हादोर अल्येंदे यांच्या चिलीत गेला. तिथे त्याची गाठ व्हिक्टर हारा या गायकाशी पडली. आपण जे होऊ पाहत होतो ते हा माणूस सहज आहे, असे ओक्सला वाटले. हाराची गाणी खाणकामगार खरोखरच गात होते. १९७३ मध्ये तो आफ्रिकेत गेला आणि केनियात स्थानिक वादकांना घेऊन त्याने लिंगाला व स्वाहिली या भाषांतील दोन गाणी मुद्रित केली. अमेरिकन गायक आफ्रिकन वादकांकडे वळण्याची लाट त्यानंतर दशकाहून अधिक काळाने आली. याच प्रवासात टांझानियातील दार-एस-सलाम येथे समुद्रकिनाऱ्यावर लुटारूंनी त्याचा गळा आवळला. जीव वाचला, पण वरच्या पट्टीतले स्वर कायमचे गेले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चिलीत लष्कराने सत्ता बळकावली आणि हाराची सांतियागोच्या स्टेडियममध्ये हत्या झाली. ही बातमी ओक्सला हलवून गेली. ९ मे १९७४ रोजी न्यूयॉर्कच्या फेल्ट फोरममध्ये चिलीसाठी त्याने मदत-मैफल भरवली. तिकिटे खपत नव्हती; अखेरीस डिलन गायला तयार झाला आणि सभागृह भरले. त्याच वर्षी ओक्सने मिसिसिपीवरचे जुने गाणे काढून त्यात राज्याच्या जागी रिचर्ड निक्सन यांचे नाव घातले आणि ते नव्याने मुद्रित केले.

एप्रिल १९७५ च्या अखेरीस सायगाव पडले. ११ मे रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये लाखाहून अधिक लोक युद्धसमाप्तीच्या सोहळ्याला जमले. त्याच्या आयोजनात ओक्स पुढे होता. जोन बाएझसह त्याने ‘देअर बट फॉर फॉर्च्युन’ गायले आणि शेवटी ‘द वॉर इज ओव्हर’. आठ वर्षांपूर्वी खोटी म्हणून गायलेली बातमी अखेर खरी झाली होती. ती सांगणाऱ्याचा आवाज मात्र पहिला राहिला नव्हता.

वडिलांना ग्रासणाऱ्या आजाराने त्यालाही गाठले होते आणि मद्यपानाने तो बळावला होता. १९७५ च्या उत्तरार्धात तो स्वतःला जॉन ट्रेन म्हणवू लागला आणि या जॉन ट्रेननेच फिल ओक्सचा खून केला, असे सांगू लागला. काही महिने तो रस्त्यावर राहिला. मग फार रॉकअवे येथील बहिणीच्या घरी शांतपणे पडून असे. तिथेच ९ एप्रिल १९७६ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्याने आपली जीवनयात्रा संपवली. काही दिवसांनी बेला ॲब्झुग यांनी अमेरिकन काँग्रेसच्या कामकाजात त्याची आदरांजली नोंदवली. दुसरी एक सरकारी नोंदही होती : एफबीआयने त्याच्यावर पाळत ठेवून चारशेहून अधिक पानांची फाइल तयार केली होती. त्या फाइलमध्ये अनेक ठिकाणी त्याचे आडनावसुद्धा चुकीचे लिहिलेले आहे.

मृत्यूनंतर त्याच्या तबकड्या पुन्हा निघाल्या, अप्रकाशित मुद्रणे बाहेर आली, १९९७ साली निवडक गाण्यांचा संच प्रसिद्ध झाला आणि २०१० साली त्याच्यावर माहितीपट निघाला. विशेष असे, की पुढच्या गायकांनी केवळ त्याची तारीख नसलेली गाणीच जपली नाहीत. नील यंगने ‘चेंजेस’ हे प्रेमगीत गायले, तसेच उदारमतवाद्यांवरचे ते उपहासगीत जेलो बियाफ्रा आणि मोजो निक्सन यांनी १९९४ साली नव्या नावांनिशी पुन्हा मुद्रित केले. मिसिसिपीच्या जागी निक्सन घालून ओक्सने स्वतःच ही वाट दाखवली होती. तिच्यावरून जाणाऱ्याला नावे तेवढी बदलावी लागतात. चाल आणि आरोपपत्र तयारच आहे.